बाईची हुकूमत आणि उलेमांची सोय

मुस्लिमबहुल राष्ट्राच्या सर्वोच्च सत्तास्थानी स्त्री असावी का, हा प्रश्न पाकिस्तानात दोनदा निवडणुकीच्या ऐरणीवर आला : पहिल्यांदा १९६५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत फातिमा जिना उमेदवार होत्या तेव्हा, आणि दुसऱ्यांदा १९८८ मध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधानपदाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. दोन्ही वेळा कुराण, हदीस (म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या परंपरेने आलेल्या नोंदी) आणि फिक्ह (म्हणजे त्यांवरून रचले गेलेले धर्मशास्त्र) यांचे दाखले दोन्ही बाजूंनी हिरिरीने दिले गेले. परंतु कोणत्या पक्षाने कोणता दाखला कधी बाहेर काढला आणि कधी बासनात गुंडाळून ठेवला, हे तारखा लावून पाहिले, तर या वादाचा निकाल ग्रंथांपेक्षा आघाड्यांच्या गणिताने लावला असे म्हणणे भाग पडते. बेनझीर यांच्या कारकिर्दीचा विचार करताना धर्माने त्यांची वाट अडवली का, एवढेच विचारले जाते. ती वाट अखेर अडली नाही. मात्र सत्ता हाती आल्यावर कशाला हात लावायचा नाही, हे त्या वादाने आधीच ठरवून टाकले होते, आणि त्याची किंमत त्यांच्यापेक्षा पाकिस्तानातील सामान्य स्त्रियांनी अधिक मोजली.

स्त्रीच्या राज्यकर्तेपणाला विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे सुन्नी मुसलमानांच्या दृष्टीने अत्यंत प्रमाण मानल्या गेलेल्या सहीह बुखारी या संग्रहातील एक हदीस. इराणच्या सासानी लोकांनी खुस्रोच्या मुलीला गादीवर बसवल्याची वार्ता पैगंबरांच्या कानावर आली, तेव्हा जे लोक आपला कारभार स्त्रीकडे सोपवतात त्यांची भरभराट होत नाही अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले, असे अबू बक्रा नावाच्या सहकाऱ्याने सांगितल्याची ती नोंद आहे. (पहिले खलिफा अबू बकर ते हे नव्हेत.) मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या हदीसची जी छाननी केली, ती वाचण्यासारखी आहे. अबू बक्रा यांना हे उद्गार आठवले ते पैगंबरांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, इ. स. ६५६ मधील उंटाच्या लढाईच्या संदर्भात, म्हणजे पैगंबरपत्नी आयेशा यांनी चौथे खलिफा अली यांच्याविरुद्ध सैन्याचे नेतृत्व केले आणि त्या हरल्या त्या वेळी, आणि पराभूत पक्षापासून अंतर राखणे सोयीचे ठरत असताना, याकडे मेर्निसी लक्ष वेधतात. याच अबू बक्रा यांना, त्यांनी दुसऱ्यावर केलेला व्यभिचाराचा आरोप सिद्ध न झाल्यामुळे, खलिफा उमर यांच्या काळात फटक्यांची शिक्षा झाली होती, आणि साक्षीदाराच्या विश्वासार्हतेची हदीसशास्त्राचीच कसोटी लावली तर ही नोंद तपासून घ्यावी लागते, असा त्यांचा मुद्दा. पारंपरिक उलेमांनी, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेल्या विद्वानांनी, तो स्वीकारला नाही. बुखारींच्या संग्रहाला असा हात घालणेच त्यांना मान्य नव्हते.

समर्थकांचा आधार कुराणातच होता. सत्ताविसाव्या अध्यायात शबाच्या राणीची कथा येते. परंपरा तिला बिल्किस म्हणते. ही राणी सरदारांचा सल्ला घेऊन, युद्ध टाळून, शहाणपणाने निर्णय घेणारी राज्यकर्ती आहे आणि ती स्त्री आहे म्हणून तिच्यावर कोठेही ठपका ठेवलेला नाही. याच कथेच्या आधारे देवबंदी परंपरेतील मोठे विद्वान अश्रफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा भेद केला होता, की निरंकुश सत्ता स्त्रीकडे देणे आणि सल्लामसलतीने चालणाऱ्या व्यवस्थेत तिला प्रमुख करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हदीसमधील निषेध दुसऱ्या प्रकाराला लागू होत नाही. जुन्या शास्त्रकारांनी पुरुषत्वाची अट घातली होती ती ‘इमामत-ए-कुब्रा’साठी, म्हणजे साऱ्या मुस्लिम समुदायाच्या धार्मिक आणि राजकीय नेतृत्वासाठी. संसदेला उत्तरदायी असलेला पंतप्रधान त्या व्याख्येत बसतो का, हा खरा शास्त्रार्थाचा विषय होता. इतिहास मात्र शास्त्रार्थाची वाट पाहत थांबला नव्हता. दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० रझिया होती, इजिप्तमध्ये १२५० साली शजर अल-दुर्र होती, भोपाळवर १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केले, आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी चांदबीबी तर मराठी वाचकाच्या शाळेतल्या पुस्तकातली. सुमात्रा बेटावरील आचे येथे १६४१ पासून सलग चार सुलताना झाल्या आणि ती परंपरा १६९९ मध्ये मोडली ती मक्केहून आलेल्या धार्मिक मताचा हवाला देऊन. दरबारातल्या कोणत्या गटाला ते मत हवे होते, हा प्रश्न तेथेही विचारण्याजोगा आहे.

फातिमा जिना यांच्या उमेदवारीने पाकिस्तानात या वादाला पहिल्यांदा तोंड फुटले. कराचीत १८९३ मध्ये जन्मलेल्या फातिमांचे घडणे बरेचसे मुंबई परिसरातले : वांद्रे येथील कॉन्व्हेंट, खंडाळ्याची शाळा, कलकत्त्यात दंतवैद्यकाचे शिक्षण, आणि १९२३ पासून मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वतःचा दवाखाना. वहिनी रुट्टी यांच्या १९२९ मधील निधनानंतर त्यांनी तो बंद केला आणि भावाचा संसार सांभाळला. या भावाच्या, म्हणजे बॅरिस्टर जिनांच्या, मृत्यूनंतर ‘मादर-ए-मिल्लत’, म्हणजे राष्ट्रमाता, या पदवीपलीकडे त्यांना राज्यव्यवस्थेने फारसे काही दिले नाही. सप्टेंबर १९६४ मध्ये विरोधी पक्षांच्या संयुक्त आघाडीने लष्करशहा अयुब खान यांच्याविरुद्ध त्यांना उभे केले, तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या.

या आघाडीत जमाते इस्लामी होती, हा सगळ्यात विलक्षण भाग. जमातचे संस्थापक अबुल अला मौदूदी यांनी इस्लामी राज्यघटनेवरच्या आपल्या लिखाणात राज्यप्रमुख पुरुषच असला पाहिजे असे निःसंदिग्धपणे म्हटले होते. परंतु जानेवारी १९६४ मध्ये अयुब यांनी जमातवर बंदी घातली, मौदूदींना तुरुंगात टाकले आणि सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केल्यानंतर मौदूदी शरद ऋतूत बाहेर आले, ते नवा विचार घेऊन. जमातच्या कार्यकारिणीने असे ठरवले, की शरियतमधील काही निषेध कायमचे असतात आणि काही परिस्थितीसापेक्ष. स्त्रीच्या राज्यप्रमुखपदाचा निषेध दुसऱ्या वर्गातला असून जुलमी राजवट हटवण्यासाठी तो बाजूला ठेवता येतो. फातिमांमध्ये त्या स्त्री असण्यापलीकडे दोष नाही आणि अयुबांमध्ये ते पुरुष असण्यापलीकडे गुण नाही, असे एक वाक्य मौदूदींच्या नावावर पाकिस्तानात अजून सांगितले जाते.

उलट बाजूला अयुब खान. त्यांची प्रतिमा आधुनिकतावादी. १९६१ च्या मुस्लिम कौटुंबिक कायदा अध्यादेशाने त्यांनी विवाहाची नोंदणी सक्तीची केली, मुलीचे विवाहवय चौदावरून सोळा केले आणि दुसरे लग्न करायचे तर लवाद मंडळाची परवानगी आवश्यक ठरवली. (हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा १९६६ मध्ये विधानभवनावर नेला, त्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट, भारतात तेव्हा अशा सुधारणेचे नाव काढणेही कठीण होते.) याच सुधारक अध्यक्षांनी निवडणूक अंगावर येताच मशायख आणि पीर या सूफी धर्मगुरूंना हाताशी धरले, स्त्री राज्यप्रमुख होऊ शकत नाही असे फतवे मिळवले, आणि देवल शरीफच्या पिरांनी तर परमेश्वरच विरोधी आघाडीवर नाराज असल्याचा साक्षात्कार जाहीर केला. फातिमांच्या आघाडीच्या नऊ कलमी जाहीरनाम्यात कौटुंबिक कायद्यात कुराण-सुन्नतप्रमाणे दुरुस्ती करण्याचे, म्हणजे प्रत्यक्षात ती सुधारणा मागे घेण्याचे, आश्वासन होते. स्त्रियांना हक्क देणारा पुरुष फतव्याच्या आडोशाला आणि ते हक्क काढून घेऊ पाहणारे मौलवी स्त्रीच्या प्रचाराला, अशी ही लढत झाली.

जनतेच्या मनात या शास्त्रार्थाला किती स्थान होते, हे पूर्व पाकिस्तानच्या दौऱ्यात दिसले. ढाक्याहून चितगावला जाणाऱ्या फातिमांच्या खास गाडीची साखळी लोक स्टेशनास्टेशनावर ओढत, त्यांना बोलायला लावत, आणि गाडी कित्येक तास उशिरा पोहोचली. पण मत देण्याचा अधिकार त्या लोकांना नव्हताच. ‘मूलभूत लोकशाही’ या अयुबी योजनेतील ८०,००० स्थानिक प्रतिनिधी अध्यक्ष निवडणार होते, आणि त्यांची नोकरशाहीशी असलेली बांधिलकी जगजाहीर होती. २ जानेवारी १९६५ रोजी अयुबांच्या गुलाबाला ४९,९५१ आणि फातिमांच्या कंदिलाला २८,६९१ मते पडली. अयुबांच्या बाजूने या निवडणुकीत राबलेल्या प्रमुख मंत्र्यांपैकी एक होते परराष्ट्रमंत्री झुल्फिकार अली भुट्टो. त्यांची थोरली मुलगी बेनझीर तेव्हा अकरा वर्षांची होती.

पुढच्या पंचवीस वर्षांत खेळाचे नियमच बदलले. भुट्टोंच्या १९७३ च्या घटनेने अध्यक्ष आणि पंतप्रधान मुस्लिम असावेत अशी अट घातली, पुरुष असावेत अशी घातली नाही. ही गाळलेली अट पुढे त्यांच्याच मुलीच्या कामी आली. जुलै १९७७ मध्ये जनरल झिया उल हक यांनी भुट्टोंना पदच्युत केले आणि ४ एप्रिल १९७९ रोजी त्यांना फाशी झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झियांनी हुदूद अध्यादेश जारी केले होते. ‘हद्द’ म्हणजे धर्मग्रंथाने ठरवून दिलेली शिक्षा. यांपैकी झिना अध्यादेशाने विवाहबाह्य संबंध हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवला आणि बलात्कारही त्याच कायद्याखाली आणला. हद्दची शिक्षा होण्यासाठी चार सज्जन मुस्लिम पुरुषांनी कृत्य प्रत्यक्ष पाहिलेले असणे आवश्यक होते. परिणाम असा, की बलात्काराची फिर्याद सिद्ध झाली नाही तर फिर्यादी स्त्रीचे गरोदरपण हाच तिच्या व्यभिचाराचा पुरावा ठरू शके. पंजाबातील एका अंध मुलीला १९८३ मध्ये याच तर्काने कैद, फटके आणि दंड अशी शिक्षा झाली. देशभर ओरड झाल्यावर संघीय शरियत न्यायालयाने ती रद्द केली. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी साक्षीविषयक नव्या कायद्याविरुद्ध लाहोरमध्ये स्त्रियांनी मोर्चा काढला आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. आर्थिक व्यवहारांत दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाच्या साक्षीबरोबर धरणारा तो कायदा १९८४ मध्ये आलाच. झियांनी नेमलेल्या अन्सारी आयोगाने स्त्री राज्यप्रमुख होऊ नये आणि सल्लागार संसदेत यायचे असेल तर ती पन्नाशी ओलांडलेली व पतीच्या परवानगीने आलेली असावी, अशी शिफारस केली. गंमत अशी, की याच सुमारास झियांच्याच शरियत न्यायालयाने स्त्री काझी, म्हणजे न्यायाधीश, होऊ शकते असा निर्णय दिला होता.

बेनझीर या वातावरणात वाढलेल्या नेत्या नव्हत्या. हार्वर्ड, ऑक्सफर्ड आणि ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्षपद ही त्यांची पाठशाळा. तुरुंग, नजरकैद आणि १९८४ पासूनचा परदेशवास यांतून १० एप्रिल १९८६ रोजी त्या लाहोरला उतरल्या तेव्हा लोटलेली गर्दी झियांची झोप उडवणारी होती. तरीही आपल्या सार्वजनिक रूपाविषयी त्यांनी कमालीची दक्षता घेतली : डोक्यावरून सरकू न देता सांभाळलेला पांढरा दुपट्टा, हातात तसबीह (जपमाळ), परपुरुषांशी हस्तांदोलन नाही. डिसेंबर १९८७ मध्ये असिफ अली झरदारी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तो घरच्यांनी ठरवलेला. मुस्लिम समाजात अविवाहित तरुण स्त्रीला पुरुषांत वावरून राजकारण करणे अशक्य आहे, हे कारण त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. गर्भारपणसुद्धा राजकारणातून सुटले नाही. झियांनी १६ नोव्हेंबर १९८८ ही मतदानाची तारीख ठरवली ती बाळंतपण ऐन प्रचारात येईल अशा हिशेबाने, असे बेनझीर यांचे म्हणणे. त्यांनी वैद्यकीय कागदपत्रे स्वतःजवळ ठेवली आणि खरी तारीख कळू दिली नाही. ऑगस्टमध्ये झिया विमान अपघातात गेले, २१ सप्टेंबरला कराचीच्या लेडी डफरिन रुग्णालयात बिलावलचा जन्म झाला, आणि बाळंतीण प्रचाराला लागली.

विरोधात उभी होती ‘इस्लामी जम्हूरी इत्तेहाद’ ही नऊ पक्षांची आघाडी. तिची मोट आपण बांधली हे गुप्तचर संस्था आयएसआयचे तेव्हाचे प्रमुख हमीद गुल यांनी पुढे कबूल केले. पंजाबात तिचा चेहरा होते नवाझ शरीफ, आणि तिच्यात जमाते इस्लामीही होती. चोवीस वर्षांपूर्वी परिस्थितीसापेक्ष ठरवलेला निषेध आता पुन्हा प्रचाराच्या व्यासपीठावर आला. बेनझीरच्या आई नुसरत भुट्टो यांचे अमेरिकी अध्यक्ष फोर्ड यांच्यासोबत नाचतानाचे जुने छायाचित्र पत्रकांवर छापून वाटले गेले. मतदारांनी तरीही बेनझीर यांच्या पीपल्स पार्टीला सर्वाधिक जागा दिल्या, बहुमत दिले नाही. आणि २ डिसेंबर १९८८ रोजी पस्तीस वर्षांच्या बेनझीर आधुनिक काळातील मुस्लिमबहुल देशाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. त्यानंतरच्या काही महिन्यांत उलेमांच्या परिषदांनी स्त्रीची हुकूमत इस्लामबाह्य असल्याचे ठराव केले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सलमान रश्दींच्या कादंबरीविरुद्ध इस्लामाबादेत निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसे मेली. कादंबरी पाकिस्तानात विकलीही जात नव्हती, त्यामुळे त्या मोर्चाचा रोख आपल्या सरकारवर होता असा बेनझीर यांचा समज झाला असल्यास तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.

शपथेपूर्वीच तडजोडी झाल्या होत्या. अध्यक्षपद गुलाम इशाक खान यांच्याकडे, परराष्ट्र धोरण आणि अणुकार्यक्रम लष्कराच्या छायेत, सिनेट विरोधकांच्या हाती, आणि वर १९८५ ची आठवी घटनादुरुस्ती, जिने झियांचे सर्व अध्यादेश, हुदूदसह, घटनेच्या संरक्षणाखाली आणले होते आणि अध्यक्षाला सरकार बरखास्त करण्याचा अधिकार दिला होता. दोनतृतीयांश बहुमताशिवाय यातले काही हलणार नव्हते. बेनझीर यांनी स्त्री कैद्यांची मोठ्या संख्येने सुटका केली, स्त्रियांसाठी बँक काढली, स्त्रीविकासासाठी स्वतंत्र मंत्रालय केले. पण हुदूद अध्यादेश रद्द करण्याचा ठराव नुसता मांडून हरण्याचे धाडसही त्यांनी केले नाही, आणि हे बहुमताच्या सबबीने पुरते झाकले जात नाही. स्त्री पंतप्रधानाने व्यभिचाराचा कायदा सैल केला, एवढे एक वाक्य मशिदीच्या ध्वनिवर्धकावरून जाण्याची भीती संख्याबळाच्या अभावापेक्षा मोठी होती. जानेवारी १९९० मध्ये पदावर असताना त्यांनी कन्येला जन्म दिला आणि तातडीने कामावर परतल्या, कारण पंतप्रधानाला बाळंतपणाची रजा नसते असा आक्षेप विरोधक घ्यायला तयारच होते. ६ ऑगस्ट १९९० रोजी त्यांचे सरकार बरखास्त झाले. कारण दिले गेले भ्रष्टाचार आणि गैरकारभाराचे, स्त्रीत्वाचे नाही.

दुसऱ्या कारकिर्दीत (ऑक्टोबर १९९३ ते नोव्हेंबर १९९६) फतव्याची लवचीकता उघडीच पडली. स्त्रीच्या हुकुमतीला विरोध करणाऱ्या परंपरेतील जमियत उलेमा-ए-इस्लामचे मौलाना फझलुर रहमान आता बेनझीर यांच्या सहकारी पक्षाचे नेते होते आणि राष्ट्रीय सभेच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. (असे उदाहरण एकटे नाही : इंडोनेशियात १९९९ मध्ये स्त्री अध्यक्षाला धर्माच्या नावाने विरोध करणारे हमझा हाझ २००१ मध्ये स्त्री अध्यक्ष मेगावती यांचेच उपाध्यक्ष झाले.) याही वेळी बेनझीर यांनी काही पक्की कामे केली. रावळपिंडीत स्त्रियांचे पहिले पोलीस ठाणे १९९४ मध्ये उघडले, उच्च न्यायालयांत स्त्री न्यायमूर्ती नेमल्या, आणि १९९६ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार पाकिस्तानने मान्य केला, अर्थात आपल्या घटनेच्या अधीन राहून. परंतु त्याच काळात मलाकंड भागात सूफी मुहम्मद यांच्या सशस्त्र आंदोलनापुढे नमून शरियत न्यायालयांचा नियम लागू झाला, आणि गृहमंत्री नसीरुल्ला बाबर यांच्या पुढाकाराने अफगाणिस्तानातील तालिबान या नव्या शक्तीला पाकिस्तानचे पाठबळ मिळाले. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. मध्य आशियाकडे जाणारा व्यापारी मार्ग आणि लष्कराची मर्जी या दोन कारणांनी त्या धोरणाचे स्पष्टीकरण करता येईल. समर्थन करता येणार नाही. बेनझीर यांच्या चरित्रातील हा सर्वांत काळा भाग आहे, आणि तो कोणत्याही मौलवीने त्यांच्यावर लादलेला नव्हता.

१८ ऑक्टोबर २००७ रोजी पुन्हा एका परदेशवासातून कराचीत परतल्याच्या रात्रीच बेनझीर यांच्या मिरवणुकीवर बॉम्बहल्ला होऊन शंभराहून अधिक माणसे मेली, आणि २७ डिसेंबरला रावळपिंडीच्या लियाकत बागेतील सभेनंतर त्यांची हत्या झाली. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी इस्लाम आणि लोकशाही यांचे नाते नव्याने मांडले होते. सत्तेत असताना जे बोलता आले नाही, ते तेथे मोकळेपणाने आले आहे.

हुदूद कायद्याला पहिला खरा धक्का बसला तो दरम्यान नोव्हेंबर २००६ मध्ये, बेनझीर परदेशात असताना. लष्करी राज्यकर्ते परवेझ मुशर्रफ यांच्या सरकारने आणलेल्या स्त्री संरक्षण कायद्याने बलात्काराचा गुन्हा पुन्हा सामान्य दंडसंहितेत नेला. धार्मिक पक्षांच्या आघाडीने त्याला विरोध केला आणि विरोधी बाकांवरच्या पीपल्स पार्टीने सरकारच्या बाजूने मत दिले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नवाझ शरीफ यांची कन्या मरियम नवाझ पंजाबच्या, आणि पाकिस्तानातील कोणत्याही प्रांताच्या, पहिल्या स्त्री मुख्यमंत्री झाल्या. १९८८ मध्ये स्त्रीच्या हुकुमतीविरुद्ध प्रचार करणाऱ्या आघाडीचा पंजाबातील चेहरा त्यांचे वडील होते. २००६ च्या दुरुस्तीने झिना अध्यादेशातील बरीच कलमे काढली गेली, पण १९७९ चे हुदूद अध्यादेश पूर्णपणे रद्द करण्याचे काम पाकिस्तानातील कोणत्याही सरकारने, स्त्रीच्या वा पुरुषाच्या, अद्याप केलेले नाही.